हसला की हात लुळा पडतो – बाळाला हसवायचंच नाही का?

पिल्लूची आई

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. लिहिताना विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या, चार रात्री नीट झोप नाही.

माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या जनुक तपासणीचा रिपोर्ट आला. एटीपी१ए३ नावाच्या जनुकात डी८०१एन असा बदल सापडला. आजाराचं नाव अल्टरनेटिंग हेमिप्लेजिया ऑफ चाइल्डहुड, म्हणजे एएचसी. यात झटका आला की शरीराची कधी एक, कधी दुसरी बाजू काही काळ लुळी पडते. डॉक्टर म्हणाले, दहा लाखांत साधारण एखाद्या मुलाला होतो. ते आकडे ऐकून मला काहीच वाटलं नाही. माझ्यासाठी तो एकातला एक आहे.

सुरुवात कशी झाली ते सांगते, कारण कुणीतरी अजून आमच्यासारखंच चाचपडत असेल. तो तीन आठवड्यांचा असताना त्याचा फक्त उजवा डोळा थरथरायचा. उजवं बुबुळ भराभर आडवं हलायचं, डावं अगदी स्थिर. एखादं मिनिट चालायचं आणि थांबायचं. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत सगळं ठीक. मग पाचव्या महिन्यात अंग ताठ व्हायला लागलं, मान एका बाजूला वळून राहायची. फिट्स म्हणून औषध सुरू झालं. इईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) दोनदा नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. आठव्या महिन्यात एका दुपारी त्याचा डावा हात नुसता लटकला. उचलला की पडायचा. मला वाटलं खांदा निखळला. झोपला, दीड तासाने उठला आणि त्याच हाताने माझे केस ओढायला लागला. चार दिवसांनी उजवा हात आणि पाय. तेव्हा एका ठिकाणी मला ऐकवलं गेलं की "तुम्ही फार टेन्शन घेता, बाळ ठणठणीत आहे." त्या वाक्याने आमचे तीन महिने गेले.

आता खरा प्रश्न. मी रिपोर्ट आल्यापासून वहीत लिहायला सुरुवात केलीय. गेल्या पंधरा दिवसांत पाच झटके आले, त्यातले तीन तो खूप हसल्यानंतर. त्याचे बाबा दाराआडून "कुक्" करतात, तो खदखदून हसतो, आणि पाच-दहा मिनिटांत एक बाजू गळून जाते. एक झटका अंघोळीत आला. एकाचं कारण कळलं नाही. म्हणून घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय की त्याला हसवायचं नाही. खेळ बंद. माझी मुलगी पाच वर्षांची आहे, तिलाही सांगितलंय की दादाजवळ जोरात बोलायचं नाही, नाचायचं नाही (ती लहान भावाला लाडाने दादा म्हणते). काल ती खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून मला विचारत होती, "आता थोडंसं हसवलं तर चालेल का?" मला उत्तर देता आलं नाही.

हे बरोबर करतोय का आम्ही? प्रत्येक झटक्यात मेंदूला इजा होते का? झटका आल्यावर मी नेमकं काय करायचं? आणि हे माझ्यामुळे झालंय का, गरोदरपणात काही चुकलं असेल का? ज्यांच्या घरात असं मूल मोठं झालंय त्यांनी कृपया लिहा.

---

चिऊची आई

अगं, तुला "तू"च म्हणते, चालेल ना? माझी चिऊ सोळा वर्षांची आहे. तुझं लिहिणं वाचताना मला माझीच जुनी वही उघडल्यासारखं झालं. तो एकच थरथरणारा डोळा! आम्हालाही तोच पहिला दिसला होता, आणि आम्हीही त्याचा व्हिडिओ काढला नव्हता.

सगळ्यात आधी तुझा शेवटचा प्रश्न, कारण तोच तुला झोपू देत नसणार. तुझ्यामुळे झालेलं नाही. तू काय खाल्लंस, किती धावपळ केलीस, कशाला घाबरलीस, याचा काडीचा संबंध नाही. या आजारात बहुतेक मुलांमध्ये हा बदल नव्याने घडलेला असतो, आईबाबांच्या रक्तात तो सापडत नाही. आठशे एकाव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं, ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी ॲस्पॅराजिन आलं. डी८०१एन याचा अर्थ एवढाच. एवढ्या लांबलचक साखळीतला एक मणी. तो कुणी हाताने बदलत नाही.

आता हे जनुक करतं काय, ते समजून घे. मला हे समजल्यावर माझी भीती थोडी आकारात आली. मज्जापेशीने संदेश पाठवला की सोडियम आत शिरतं आणि पोटॅशियम बाहेर पडतं. पुढचा संदेश पाठवायच्या आधी हे पुन्हा जागच्या जागी न्यावं लागतं. ते काम पेशीच्या आवरणातले पंप करतात, दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. हा पंप जेन्स स्कोऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. मेंदूच्या ऊर्जेचा केवढा तरी वाटा या पंपांवरच खर्च होतो. एटीपी१ए३ हे जनुक मज्जापेशींमधल्या पंपाचा मुख्य भाग बनवतं. तुझ्या बाळाकडे या जनुकाची एक प्रत चांगली आहे, दुसऱ्या प्रतीतून बनणारा पंप कामाचा नाही. म्हणून रोजचं भागतं, पण एकदम मोठं काम अंगावर आलं की ओढाताण होते. खूप आनंद, खूप रडणं, थकवा, गार किंवा गरम पाणी, झगझगीत उजेड, गर्दी, ताप. मेंदूच्या दृष्टीने हे सगळं मोठं कामच आहे.

आणि तुला तीन महिने उशीर झाला म्हणून जीव जाळू नकोस. हा आजार पहिल्यांदा १९७१ मध्ये नोंदला गेला, आठ मुलांवरून, आणि तेव्हा तो अर्धशिशीचाच एक प्रकार समजला होता. जनुक सापडलं ते २०१२ मध्ये. चिऊ तेव्हा तीन वर्षांची होती. त्याआधी रक्त तपासून सांगण्याची सोयच नव्हती. तिचं निदान एका वयस्कर डॉक्टर बाईंनी केलं, माझी वही वाचून आणि माझ्या भावाने काढलेले दोन व्हिडिओ बघून. त्या व्हिडिओ बघताना एक शब्द बोलल्या नाहीत, शेवटी फक्त विचारलं, "झोपून उठली की हात चालतो ना?" मी हो म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या एका प्रश्नाने निदान झालं.

आता हसण्याचं.

मी तेच केलंय जे तू करते आहेस. चिऊ दोन वर्षांची असताना मी घर बंद केलं. पडदे ओढलेले, गाणी बंद, दुसरी मुलं घरी येणं बंद, तिच्या बाबांना कामावरून आल्यावर दहा मिनिटं बाहेर थांबायला लावायचे, कारण त्यांना बघून ती आनंदाने हात हलवायची. असं जवळपास दीड वर्ष. माझ्या वहीत महिनावार आकडे आहेत. घर बंद करायच्या आधी महिन्याला सरासरी अकरा झटके. बंद केल्यावर नऊ. दोन झटके कमी व्हावेत म्हणून मी तिचं महिनाभराचं हसणं थांबवत होते. आणि त्या दीड वर्षात तिने एकही नवा शब्द उचलला नाही. तो सगळा दोष आजाराचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं, आणि ते आजही टोचतं.

म्हणून माझं उत्तर: हसवा. पण हसू कसं चढतं ते बघा. एकदा "कुक्" केल्यावरचं हसू आणि सलग नवव्यांदा केल्यावरचं हसू, यात फरक आहे. शेवटी शेवटी मूल हसत नसतं, हसण्याच्या हाती सापडलेलं असतं. श्वास अडकतो, मान मागे जाते, आवाज बारीक होतो. झटका तिथून येतो. आम्ही तीनचा नियम केला. तीनदा कुक्, मग बाबांनी दाराआडून बाहेर यायचं, खाली बसायचं, आवाज हळू करायचा, तिला मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवायचा. श्वास शांत झाला की पुन्हा तीनदा. आणि झोपेची वेळ जवळ आली असेल तेव्हा अजिबात नाही. दमलेल्या मुलाचं हसू सगळ्यात जास्त धोक्याचं. सकाळी उठल्यावरचा पहिला तास चिऊचा सगळ्यात चांगला असायचा, सगळा दंगा त्या तासात.

प्रत्येक मुलाची पूर्वसूचना वेगळी असते. चिऊचा डावा अंगठा मुठीच्या आत जायचा. आधी ओठांचा रंग उतरायचा, मग अंगठा, मग चार-पाच मिनिटांनी हात. मला ती साखळी ओळखायला सात महिने लागले. तुझ्या वहीत "झटका आला" याच्या आधीची दहा मिनिटं लिहीत जा, तिथेच सापडेल.

झटका आल्यावर काय करायचं? झोप. दुसरं इतकं खात्रीचं औषध मला सोळा वर्षांत सापडलेलं नाही. अंधार, शांतता, कुशीत घेणं. झोप लागली की लुळेपणा जातो. उठल्यावर झटका पुरता गेलेला असेल तर उत्तम. पण लांबलेल्या झटक्यात उठल्यावर साधारण दहा ते वीस मिनिटं मूल अगदी चांगलं असतं आणि मग ते पुन्हा येतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझे हातपाय गळाले, मला वाटलं आता कायमचं. तसं नसतं. उलट ती वीस मिनिटं सोन्यासारखी वापर. पाणी पाज, खायला घाल, औषध दे. झटक्यात गिळणं बिघडलेलं असतं, ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून तेव्हा तोंडात काही घालायचं नाही. आमच्याकडे सगळं आधीच काढून उशाशी ठेवलेलं असायचं. ती डोळे उघडायची आणि मी चमचा घेऊन तयार.

झोप येतच नसेल तर झोप आणणारं औषध काही डॉक्टर लिहून देतात. ते कधी आणि किती, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घे, रात्री दोन वाजता डोकं चालत नाही.

दवाखान्यात कधी पळायचं, तेही आत्ताच ठरवून ठेव. दोन्ही बाजू एकदम गेल्या आणि श्वास नीट नाही, किंवा लाळ गिळता येत नाही, तर थांबायचं नाही. दुसरं म्हणजे फिट. यातल्या निम्म्याच्या आसपास मुलांना खरा अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजारसुद्धा असतो. एएचसीच्या झटक्यात मूल शुद्धीत असतं, डोळ्यांनी तुझ्याकडे बघत असतं. फिटमध्ये बहुतेक वेळा शुद्ध हरपते, हातपाय एका लयीत उडतात, हाका मारून उपयोग नसतो. फिट पाच मिनिटांवर गेली तर ती तातडीची वेळ. दोन्ही वेगळ्या रंगाच्या पेनाने लिही, डॉक्टरांना औषध ठरवताना हाच फरक लागतो.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी एवढं लांबलचक लिहायला बसले.

ते शुद्धीत असतात. म्हणजे ऐकत असतात. चिऊ सात वर्षांची असताना एकदा तिच्या दोन्ही बाजू गेल्या होत्या, दोन दिवस चाललं. ती निपचित पडलेली, आणि मी तिच्या उशाशी बसून माझ्या बहिणीला फोनवर म्हणत होते, "आता मला नाही जमत गं, किती दिवस असं." मला वाटलं तिला कळत नाहीये. महिन्याभराने, अशीच कपड्यांच्या घड्या घालत बसलो होतो, ती तिच्या सावकाश बोलीत म्हणाली, "आई, माझं तोंड बंद होतं. कान बंद नव्हते." आणि मग विचारलं, "तुला आता जमतं का?"

त्या दिवसापासून झटक्यात मी तिच्याशी बोलते. फार काही नाही. कोणता हात गेलाय ते सांगते, किती वाजलेत ते सांगते, "आता झोप लागेल, उठलीस की हात परत येईल, मी इथेच आहे." तुझं पिल्लू चौदा महिन्यांचं आहे, शब्द कळणार नाहीत, आवाज कळेल. त्याच्या उशाशी रडायचं असेल तर दुसऱ्या खोलीत जाऊन रड. रडायचं नाही असं मी म्हणत नाही.

मेंदूला इजा होते का, हे विचारलंस. साधा झटका येतो आणि जातो, हात पहिल्यासारखा चालतो. पण फार लांबलेल्या झटक्यांनंतर किंवा न थांबणाऱ्या फिट्सनंतर काही मुलं शिकलेली गोष्ट विसरतात. चिऊच्या बाबतीत नवव्या वर्षी एकदा झालं, चालणं पाच महिने मागे गेलं, मग बरंचसं परत आलं. झटक्यांच्या मधल्या काळातही तोल, बोलणं, शिकणं यात अडचणी असतात, ते तुझ्यापासून लपवत नाही. ती अडीच वर्षांची असताना चालायला लागली, अजून पाय फाकवून चालते. वाचते. हळू वाचते.

शेवटचं, ईसीजी. हाच पंप हृदयातही असतो, आणि डी८०१एन असलेल्यांच्या ईसीजीत बदल दिसण्याचं प्रमाण जास्त आहे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर स्वतःहून विचार.

---

बाल-फिजिओ

वरच्या ताईंनी जवळजवळ सगळं लिहिलंय. माझ्या कामातल्या दोनच गोष्टी जोडतो.

लुळ्या पडलेल्या हाताला धरून मुलाला कधीही उचलू नका. तेव्हा खांद्याभोवतीचे स्नायू सैल असतात, सांध्याला धरून ठेवायला कुणी नसतं, ओढ बसली तर सांधा सरकू शकतो. एक हात पाठीखाली, एक मांड्यांखाली, आणि गेलेला हात मुलाच्याच पोटावर ठेवून उचला. झोपवताना कुशीवर, म्हणजे लाळ बाहेर येईल. तोंडाची जी बाजू गेली असेल ती वर राहू द्या.

झटका चालू असताना व्यायाम, मालिश, "हलव बघू हात" असं काही नको. मला घरच्यांनी हौसेने केलेले प्रयत्न दिसतात, प्रेमापोटीच करतात, पण मूल दमतं आणि झटका लांबतो. थेरपी करायची ती चांगल्या वेळेत, आणि तीसुद्धा छोट्या तुकड्यांत. मी एएचसीच्या मुलाबरोबर वीस मिनिटं काम करतो, मध्ये दोनदा थांबून. पाऊण तासाचं सत्र कुणी देत असेल तर सांगा की जमणार नाही.

आणि थेरपिस्टने, पुढे शिक्षकांनी, त्याच्याबद्दल "येत नाही" असं लिहिलं तर दुरुस्त करून घ्या. "आत्ता येत नाही" असं लिहायला लावा. दहा वाजता जिना चढणारं मूल बारा वाजता बसूही शकत नाही, आणि दोन्ही वेळा तेच मूल असतं. मूल्यमापन एका दिवसात उरकू देऊ नका, वेगवेगळ्या दिवशी तीनदा करायला सांगा.

---

धाकट्याची ताई

मी आई नाही, बहीण आहे. माझा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आता अठरा वर्षांचा. त्यालाही एएचसी आहे. वरची सगळी चर्चा वाचली आणि माझं लक्ष त्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या मुलीवरच अडकलं.

मावशी, ती उंबऱ्यावर काय विचार करते ते मी सांगू शकते. ती विचार करते की तिच्यामुळे भावाचा हात गेला. मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. मी त्याला गुदगुल्या केल्या, तो हसला, त्याचा हात गेला, आणि आईने मला बाजूला केलं. बस्स. मला दुसरा निष्कर्ष काढताच आला नाही. मी दहा वर्षांची होईपर्यंत त्याच्याजवळ गेले की हात पाठीमागे बांधून घ्यायचे. कुणाच्या लक्षातही आलं नाही, सगळे म्हणायचे किती शांत, किती समजूतदार.

तिला आजच सांगा. स्पष्ट शब्दांत, "तुझ्यामुळे होत नाही. त्याच्या अंगातला एक पंप हळू चालतो म्हणून होतं." पाच वर्षांच्या मुलीला पंप कळतो. आणि तिला काम द्या. खोटंखोटं नाही, खरं काम. चिऊच्या आईंनी तीनचा नियम सांगितलाय ना, तो मोजायचं काम तिला द्या. आमच्याकडे पुढे माझ्याकडे घड्याळ होतं. झटका सुरू झाला की मी वेळ बघून वहीत लिहायचे, झोप लागली की पुन्हा लिहायचे. माझं वाईट अक्षर त्या वहीभर आहे. भीती कमी झाली ती त्या घड्याळामुळे.

त्याचे व्हिडिओही तिला घेऊ देत जा. पूर्वसूचनेसारखं काहीतरी तुमच्याआधी तिला दिसेल. माझ्या भावाचा झटका येण्याआधी तो उजवा कान चोळायचा, ते मी पहिल्यांदा पाहिलं होतं.

---

पिल्लूची आई

तुम्हा तिघांना काय म्हणू. वाचताना दोनदा उठून दुसऱ्या खोलीत जाऊन आले (चिऊच्या आईंनी सांगितलंय तसंच).

मुलीला काल रात्री सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी कुक् केलं तरी पंप माझ्यावर रागावत नाही?" मला माहीतच नव्हतं की ती हे पोटात घेऊन फिरतेय. धाकट्याच्या ताई, तुझे उपकार कसे फेडू.

अजून थोडं विचारते. डॉक्टर फ्लुनारिझिन नावाचं औषध सुरू करायचं म्हणताहेत, अनुभव कसा? अंघोळीचं काय करता? आणि आम्हाला पुढे अजून एक मूल हवं होतं, तर तो विचार सोडूनच द्यायचा का? इंटरनेटवर जनुक दुरुस्तीबद्दल काहीतरी वाचलं, ते खरं आहे का?

---

चिऊची आई

फ्लुनारिझिनवर चिऊ तेरा वर्षं आहे. बऱ्याच मुलांमध्ये झटक्यांची संख्या किंवा लांबी कमी होते, सगळ्यांमध्ये नाही. चिऊचे झटके संख्येने फारसे कमी झाले नाहीत, पण दोन-दोन दिवस चालणारे अर्ध्या दिवसावर आले, आणि आमच्यासाठी तो फरक फार मोठा होता. पहिले काही आठवडे ती सुस्त होती, वजन वाढलं. मूड पडतोय का, हालचाली कडक होताहेत का, यावर लक्ष ठेव. एकच पक्कं लक्षात ठेव, मनाने एकदम बंद करायचं नाही. आमची एकदा बाटली संपली, चार दिवस मिळालं नाही, आणि त्या आठवड्यासारखा वाईट आठवडा मी पुन्हा पाहिलेला नाही. तेव्हापासून एक बाटली जास्तीची घरात असतेच.

अंघोळ: पाणी अंगाइतकं कोमट, हाताच्या कोपराने बघ. आधी पाय ओले कर, मग पोटऱ्या, मग मांड्या, हळूहळू वर. डोक्यावरून एकदम पाणी नको. झोपून उठल्यावर घाल, झोपेच्या आधी नको. न्हाणीघर आधीच उबदार असू दे आणि टॉवेल हाताशी. वाईट आठवड्यात ओल्या फडक्याने पुसून घेतलं तरी मूल स्वच्छच राहतं. आणि पाण्यात त्याला एका क्षणासाठीही सोडायचं नाही, हे तुला सांगायला नको.

दुसऱ्या मुलाचा विचार सोडू नकोस, पण आधी जनुक समुपदेशकांना भेट. तुमच्या दोघांची रक्त तपासणी होईल. तुमच्या रक्तात बदल नसेल तर पुन्हा तेच होण्याची शक्यता खूप कमी असते. अगदी शून्य म्हणत नाहीत, कारण क्वचित एखाद्याच्या बीजपेशींपैकी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) काहींमध्ये तो बदल असतो आणि रक्तात दिसत नाही. पण तुमचा बदल नेमका कोणता ते आता माहीत आहे, त्यामुळे गरोदरपणात तपासता येतं. आमच्या वेळी ती सोय नव्हती. आम्ही थांबलो.

जनुक दुरुस्तीचं खरं आहे, पण उंदरांमधलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. एएचसी असलेल्या उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत प्राइम एडिटिंग नावाच्या पद्धतीने जनुकातलं चुकीचं अक्षर दुरुस्त केलं. झटके कमी झाले, हालचाल सुधारली, पिल्लं जास्त जगली. त्यात डी८०१एनवरही काम झालंय. मी ते वाचलं तेव्हा चिऊला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने विचारलं, "उंदरांना पुन्हा धावता आलं?" मी हो म्हटलं. माणसांसाठी हे अजून उपचार झालेलं नाही. कुणी पैसे घेऊन आत्ताच करून देतो म्हणालं तर दारातूनच परत पाठव. पण चिऊच्या तिसऱ्या वर्षी आजाराचं जनुकही सापडायचं होतं आणि तुझ्या पिल्लूच्या पहिल्या वर्षी ते उंदरात दुरुस्त झालंय. मी हा हिशेब रोज करते.

---

पिल्लूची आई

तीन आठवड्यांनी लिहितेय.

नऊ झटके. वहीत सगळे आहेत, वेळेसकट, त्यातल्या चारांच्या वेळा लेकीच्या अक्षरात (सहा उलटा काढते, ओळखून घ्यावा लागतो). पूर्वसूचना बहुतेक सापडलीय. त्याची डावी पापणी किंचित खाली येते आणि तो हातातली वस्तू बघत राहतो, तोंडात घालत नाही. एरवी प्रत्येक गोष्ट तोंडात जाते. हे तिनेच दाखवलं.

खेळ पुन्हा सुरू केलाय. तीनचा नियम. बाबा दाराआड, ती मध्ये उभी राहून बोटं मोजते, तिसऱ्याला "बास!" म्हणते आणि बाबा खाली बसतात. नऊपैकी दोनच झटके हसण्यानंतर आले. दोन्ही संध्याकाळी, दोन्ही वेळा तो दमलेला होता, चूक आमचीच. आता सहानंतर कुक् नाही.

परवा दुपारी उजवी बाजू गेली. मी त्याला कुशीवर घेतलं, हात पोटावर ठेवला, अंधार केला. बोलायला तोंड उघडलं तर घशातून आवाजच येईना. ती माझ्या मागून आली, त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "तीन वाजून दहा मिनिटं झाली. तुझा हा हात गेलाय. झोप, उठलास की येईल." तो तिच्याकडे बघत होता. तीन पस्तीसला झोपला. चार वीसला उठला, आणि मी चमचा पुढे करायच्या आत त्याने उजव्या हाताने तिचं नाक पकडलं.

ईसीजीची वेळ उद्या सकाळची मिळालीय, झोप झाल्यानंतरची, मुद्दाम मागून घेतली. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.